कुमुदिनीबाईंची बत्तीस कॅलरींची फुगडी

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनातल्या मनात द्या. म्हणजे थोडं खोटं दिलंत तरी शेजारच्याला कळायचं नाही.

दमणं आणि श्रमणं एकच का?

संध्याकाळी आपण सगळेच म्हणतो — "आज बाई फार दमले." छाती धडधडत असते, कानशिलं तापलेली असतात, पाय चुरायला कोणीतरी हवं असतं. आणि कोणी विचारलंच, की केलंस काय दिवसभर? — तर सांगता येत नाही. मग हे दमणं आलं कुठून? काही न करता माणूस दमतो कसा? आणि असं दमलेलं देवाच्या दारी रुजू होतं का?

पेटीवाले नाना हसताहेत. नाना, तुमच्यावरच येणार आहे, पण जरा वेळानं.

तर याचं उत्तर मी देणार नाही. कृष्णेकाठच्या एका गावातल्या कुमुदिनीबाई आठल्ये देतील.

कुमुदिनीबाई म्हणजे गावातल्या मंगळागौरीचा कणा. चौतीस वर्षं. कोणाच्याही घरी नवी सून आली, श्रावणातला मंगळवार आला, की निरोप आधी फुलवाल्याला जायचा आणि मग कुमुदिनीबाईंना. झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा — सगळं यायचं; पण फुगडी म्हणजे फुगडीच. पदर खोचून, पाय जुळवून, मान मागे टाकून बाई गिरकी घ्यायला लागल्या की समोरचीला बाई दिसायच्याच नाहीत, नुसता नथीचा मोती फिरताना दिसायचा.

आणि यंदा त्यांच्याच घरी सून आली. ऋजुता नाव. पोरगी गोड, कामाला हुशार, फक्त जरा घाबरट. श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी तिची पहिली मंगळागौर. बाईंनी गेली दहा वर्षं एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवलेलं होतं — मुलाचं लग्न होईल, सून येईल, अंगणात मांडव पडेल, आणि पहिली फुगडी सासू-सुनेची. दुसरं काही मागितलं नव्हतं हो त्यांनी गौरीजवळ. साडी नको, काशी नको. एक फुगडी.

आणि नेमकं आषाढात, गुरुजींकडे पत्रिका दाखवायला जिना चढल्या — तिसऱ्या वळणावर धाप लागली. अशी लागली की गुरुजींनी सुनेची पत्रिका बाजूला ठेवून आधी सासूचीच मागितली.

मग डॉक्टर. देवस्थळी डॉक्टरीण. वयानं लहान, पण बोलणं एकदम शाळामास्तरणीचं.

"काकू, वय एकसष्ट, वजन एकाहत्तर, साखर काठावर. फुगडी बंद."

"बंद म्हणजे? पुढच्या महिन्यात सुनेची मंगळागौर आहे."

"मग बसून टाळ्या वाजवा."

मंडळी, पखवाजवाल्याला सांगावं की तू बसून मान डोलव, तसं झालं ते. बाईंचे डोळे भरून आले. डॉक्टरीणही शेवटी माहेरवाशीणच. ती विरघळली.

"बरं. पाच आठवडे आहेत. रोज तीनशे कॅलरी खर्च होतील एवढा व्यायाम करायचा. खाणं आटोक्यात. दोन किलो उतरले, आणि माझा हा जिना चढून आल्यावर मिनिटभरात छातीचे ठोके खाली आले, तर मी स्वतः येते फुगडी बघायला. नाहीतर टाळ्या."

आता कॅलरी म्हणजे काय, ते मागे बसलेल्या आजींसाठी सांगते. चुलीत लाकूड घातलं की ऊब निघते ना, तशी पोटात पोळी घातली की ऊब निघते. त्या उबेचं माप म्हणजे कॅलरी. हिंडलात-फिरलात तर ती खर्च होते. बसलात तर कमरेला जाऊन बसते. तिलाही बसायलाच आवडतं.

पण खर्च झाली किती, हे कळायचं कसं? त्यावर बाईंच्या मुलानं एक घड्याळ आणून दिलं. मनगटावर बांधायचं. खाली हिरवा दिवा लुकलुकतो, कातडीखालून रक्ताची उसळी बघतो आणि छातीचे ठोके मोजतो. ठोके जास्त, म्हणजे अंग जास्त राबतंय, म्हणजे कॅलरी जास्त गेल्या — असा त्याचा हिशेब. हिशेब कसला, अंदाजच. पण तेवढ्यावर भागत नाही हं. घड्याळाला आधी सगळं सांगावं लागतं. वय काय, वजन काय, स्त्री की पुरुष. आपण पूजेआधी संकल्प सोडतो, त्यात नाव-गोत्र सांगतो, तसंच. गोत्र चुकलं तर पुण्य शेजारच्या घरी जातं म्हणतात.

ऋजुता घड्याळ घेऊन बसली. "आई, वय?"

"एकसष्ट."

"आणि… वजन?" नवी सून ती. सासूला वजन विचारायचं म्हणजे वाघाला दात विचारण्यासारखं. विचारलंन ते खाली बघूनच.

बाई ताठ मानेनं म्हणाल्या, "ब्याऐंशी."

ऋजुतानं वर पाहिलं. डॉक्टरांच्या कागदावर एकाहत्तर तिनं स्वतः वाचलं होतं.

"आई, डॉक्टरांकडे तर —"

"डॉक्टरांचा काटा राहू दे. माझी साठीची गुळतुला झाली ना गेल्या वर्षी, गणपतीच्या देवळात? तेव्हा ब्याऐंशी किलो गूळ लागला. देवासमोर झालेलं वजन आहे ते. त्याला खोटं म्हणायचं का?"

आता त्या तुलेच्या दिवशी बाईंच्या अंगावर शालू होता, खाली शिसवी पाट होता, ओटीत नारळ होते, आणि मांडीवर भाचीचं नऊ महिन्यांचं बाळ होतं, कारण ते दुसऱ्या कोणाकडे राहीना. देवानं सगळ्यांचंच वजन धरलं. पण हे सुनेनं सासूला सांगावं कसं? तिनं मुकाट्यानं ब्याऐंशी टाकलं. संकल्पच चुकला, मंडळी.

पहिल्या दिवशी बाई नदीकाठानं अर्धा तास चालून आल्या. घामानं निथळल्या. घड्याळात बघतात तर कॅलरी एकशेवीस. "एवढ्याच?" म्हणाल्या, आणि मटकन झोपाळ्यावर बसल्या. घड्याळातली व्यायामाची मोजणी बंद करायची राहून गेली.

तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापूरहून प्रमिलावन्सं. नणंद. थोरली नणंद.

नणंदेबद्दल मी काही बोलणार नाही. इथे निम्म्या वहिनी बसल्या आहेत आणि निम्म्या नणंदा.

"वहिनी, सुनेच्या मंगळागौरीला पुरणात जायफळ घालणार की वेलची?"

"वेलची. आमच्याकडे वेलचीच घालतात."

"आमच्याकडे म्हणजे? आईच्या हाताखाली पुरण मी शिकले. जायफळच असायचं. तू आलीस आणि वेलची आली."

झालं. जायफळावरून सुरू झालं ते बाईंच्या लग्नात मानाच्या साडीचे काठ कमी रुंद होते, इथपर्यंत गेलं. पस्तीस वर्षांपूर्वीचे काठ हो. पाऊण तास. फोन ठेवला तेव्हा बाईंचे कान लाल, छातीत धडधड.

शंकरराव, जरा तबल्यावर कुमुदिनीबाईंचं काळीज वाजवा. आधी साधं, देवळात बसल्यासारखं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. हां. आता वन्संचा फोन आला… जायफळ… काठ… वाढवा, अजून वाढवा… एकशेदहा. बास, बास, बाईंना जगवायचंय आपल्याला.

सहज म्हणून बाईंनी मनगटाकडे पाहिलं. आणि बघतच राहिल्या. तीनशेनव्वद.

म्हणजे चालून एकशेवीस, आणि झोपाळ्यावर बसून भांडून वर दोनशेसत्तर.

"अहो," त्यांनी यजमानांना हाक मारली, "अहो, इकडे या. गौर पावली."

भालचंद्ररावांनी चष्मा वर करून पाहिलं. गृहस्थ मितभाषी. "भांडून व्यायाम होतो?"

"घड्याळ काय खोटं सांगेल? त्याला ना माझी बाजू, ना वन्संची."

"मग तू गेली पस्तीस वर्षं पहिलवानच असायला हवी होतीस," ते म्हणाले, आणि पेपरात शिरले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून नदीकाठ सुटला. रोज साडेपाचला बाई देवापाशी दिवा लावायच्या, घड्याळात व्यायाम सुरू करायच्या, झोपाळ्यावर बसायच्या आणि कोल्हापूरला फोन लावायच्या. सोमवारी मंगळसूत्राची घडण. बुधवारी, सासूबाई आजारी असताना कोण किती रात्री जागलं. शुक्रवारी जिवतीचा नैवेद्य, त्यामुळे पुन्हा जायफळ. आणि तीनशे झाले की बाई समाधानानं उठायच्या. खर्च झालाच आहे, मग नैवेद्याची पोळी नाही कशी म्हणायची? प्रसादाला नाही म्हणू नये, असा त्यांचा नेमच होता. एक पोळी, वर तूप. आणि तुपाची धार धरताना घड्याळाकडे बघायचं, म्हणजे हात आखडत नाही.

तुम्ही हसता आहात. पण घरी घड्याळ नसताना आपण काय वेगळं करतो? "आज एकादशी केली" म्हणून साबुदाण्याची दुसरी ताटली घेतोच की. मीही घेतली आहे. माझ्या गुरूंनी पाहिलं आणि तिसरी पुढे केली. तेव्हा कळलं.

अशानं तीन आठवडे उत्तम गेले. चौथ्यात घोटाळा झाला. वाईट घोटाळा. प्रेमाचा.

बाईंनी फोन लावला. विषय तयार होता, पितळी डब्याचा. तो वन्संनी नेला होता, की सासूबाईंनी दिला होता. बाई सुरुवात करणार, तर पलीकडून आवाज आला, हळूच —

"वहिनी, एक सांगू? हे गेल्यापासून साडेपाचचा वेळ मला खायला उठायचा. आता पाच वाजले की मी फोनजवळ येऊन बसते. बाकी कोण रोज फोन करतं गं? भांडायला का होईना, तू करतेस. डबा हवा असेल तर येताना घेऊन येते."

 बाई म्हणाल्या, "डबा राहू दे वन्सं. जेवलात का दुपारी नीट?"

मग दोघी तासभर बोलल्या. गुडघ्यांबद्दल, लोणच्याबद्दल, सासूबाई कशा खुदकन हसायच्या त्याबद्दल. शंकरराव, वाजवा — बहात्तर. अगदी संथ. घड्याळात बघतात तर कॅलरी चाळीस.

बाईंनी कपाळाला हात लावला. मंगळागौर बारा दिवसांवर आली आणि नणंद गोड निघाली.

भालचंद्ररावांकडे गेल्या. "अहो, मला राग येईल असं काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"एरवी कसं सुचतं? तसंच."

बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. "आमटी… आमटीत मीठ…" आणि अडकले. "आमटी छान झाली होती गं." पस्तीस वर्षं जे न मागता मिळत होतं, ते एका संध्याकाळी मागितलं तर नाही. संसाराचं असंच असतं. शेवटी बाईंनी टीव्हीवरच्या एका मालिकेतली कपटी जाऊ धरली आणि तिच्यावर चडफडून कसेबसे तीनशे भरले.

मंगळागौरीला तीन दिवस राहिले, आणि बाई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बरोबर भालचंद्रराव आणि ऋजुता. जिना चढल्या. धाप, होती तशीच. काट्यावर उभ्या राहिल्या.

त्र्याहत्तर.

डॉक्टरिणीनं काटा हलवून पाहिला. पुन्हा त्र्याहत्तर. "काकू, दोन किलो उतरायचे होते, चढलेत. व्यायाम केलात ना?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही. हे बघा घड्याळ. तीनशेच्या खाली क्वचितच."

डॉक्टरीण बोटानं दिवस सरकवत गेली. "रोज साडेपाच ते सव्वासहा. ठोके एकशेदहा. पावलं मात्र… अकरा? काकू, पाऊण तासात अकरा पावलं? हा व्यायाम कोणता?"

बाईंनी पदर सारखा केला.

"झोपाळ्यापर्यंत पाच," भालचंद्रराव म्हणाले, "आणि स्वयंपाकघरापर्यंत सहा."

मग सगळं बाहेर आलं. फोन, जायफळ, काठ, टीव्हीतली जाऊ. ब्याऐंशी किलोंचंही. डॉक्टरीण आधी हसली. हसता हसता तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि थांबली. खुर्ची ओढून जवळ बसली.

"काकू, तुमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे ना? पट्टा निसटला की काय होतं?"

"इंजिन नुसतं फडफडतं. दगड फिरत नाही."

"आवाज?"

"उलट जास्तच येतो."

"पीठ?"

बाईंनी मान खाली घातली.

"चालताना पाय रक्त मागतात, म्हणून काळीज धावतं. तेव्हा ठोके मोजून कामाचा अंदाज बांधता येतो, तोही वय-वजन खरं सांगितलं तर. रागानं, भीतीनंही काळीज धावतं. पण पाय काही मागतच नसतात. घड्याळाला इंजिनाचा आवाज ऐकू येतो, काकू. पट्टा जोडलेला आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. ते तुम्हीच बघायचं."

"मग मंगळवारी?"

डॉक्टरिणीनं मान हलवली. नाही.

मंगळवार आला. मांडव पडला, पत्री आली, गौरीची पूजा झाली. वन्संही आल्या — पितळी डबा घेऊन आल्या. दुपारी खेळ सुरू झाले. सगळ्या बायका गोल धरून उभ्या राहिल्या आणि पहिल्या फुगडीला कुमुदिनीबाईंच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

बाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी वन्संना खूण केली. ऋजुताची पहिली फुगडी आत्यासासूबरोबर झाली, आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या वाजवल्या, तालात वाजवल्या. पण टाळ्या वाजवताना एकदा पदर डोळ्यांना लागला, तो कोणी पाहिला नाही असं त्यांना वाटलं.

खेळ संपल्यावर ऋजुता पायाशी येऊन बसली. घाबरट पोरगी, पण त्या दिवशी धीर केलान. "आई, मंगळागौर किती वर्षं पुजायची असते?"

"पाच. लग्नानंतर पाच वर्षं."

"मग एकच झालं की."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मंगळागौरी नाचवल्या, पण ही साधी गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरली. गौर पाच वर्षं येते. धीर धरायला लावते, पण येते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी स्वतः सुनेला हाक मारली. "घड्याळ घे. वजन त्र्याहत्तर टाक."

आणि मग मंडळी, पट्टा जोडला. कृष्णेचा घाट, पंचावन्न पायऱ्या. पहिल्या महिन्यात एकदा चढायच्या आणि तीनदा बसायच्या. किती वेगानं चालायचं, हे कळेना, तर डॉक्टरिणीनं फार सुंदर युक्ती सांगितली. "काकू, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये." बाईंनी तिचं केलं असं — चालताना नाम घेता आलं पाहिजे, पण त्याला चाल लावता येऊ नये. चाल लावता आली, म्हणजे पाय आळसावलेत. नामच तुटायला लागलं, तर पायरीवर बसायचं. मला हे फार आवडलं. घड्याळ मनगटावर होतं, पण खरं माप जिभेवर होतं.

पावसाळा गेला, थंडी आली. संक्रांतीपर्यंत पायऱ्या तीनदा व्हायला लागल्या. चैत्रात डॉक्टरिणीचा जिना न थांबता. पोळी एकच, पण आता तुपाची धार धरताना मनगटाकडे बघणं नाही. कोल्हापूरचा फोन साडेपाचला चालूच. जायफळावर अजून एकमत नाही. आणि पुढच्या श्रावणात वजन सदुसष्ट.

दुसरी मंगळागौर. डॉक्टरीणबाई दिलेल्या शब्दाप्रमाणे आल्या, नाकात नथ घालून. कुमुदिनीबाईंनी पदर खोचला. ऋजुताचे हात धरले. पोरीचे हात गार पडलेले.

"आई, हळू हं."

"तू घट्ट धर. हळूचं मी बघते."

आणि फिरल्या. मंडळी, फिरल्या. आधी अंगण फिरलं, मग मांडव फिरला, मग गौर फिरली, आणि मग फिरायचं काही उरलंच नाही. नुसत्या दोन वेण्या, दोन नथी आणि एक हसू, कोणाचं ते कळेना. वन्सं मोठ्यानं मोजत होत्या आणि पन्नाशीनंतर आकडेच विसरल्या. मध्ये थांबत, श्वास घेत, पुन्हा धरत, सगळी मिळून चार मिनिटं.

थांबल्या. खाली बसल्या. छाती भात्यासारखी. डॉक्टरिणीनं मनगट हातात घेतलं, ओठ हलवत मोजलं. मिनिटभरानं पुन्हा मोजलं. आणि हसून मनगट सोडून दिलं.

भालचंद्ररावांनी वाकून घड्याळात पाहिलं. "अगं, किती झाल्या सांगू? बत्तीस."

"काय बत्तीस?"

"कॅलरी. बत्तीस."

वर्षभर पंचावन्न पायऱ्या, पाऊस, थंडी, गुडघे — आणि फुगडीच्या झाल्या किती, तर बत्तीस. पोळीचा एक घास. कुमुदिनीबाई आधी घड्याळाकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे, आणि असं हसू फुटलं त्यांना, की बायका धावत आल्या, बाईंना काही झालं की काय. झालं होतंच. हवं होतं ते झालं होतं.

आता तुमच्याकडे वळते. नाना, तुमच्याकडेही.

आपलीही छाती रोज धावते. शेजारणीनं आपल्याआधी गाडी घेतली, धावते. अन्नकोटाच्या यादीत आपलं नाव तिसरं आलं, धावते. कोण काय म्हणालं, कोण का नाही म्हणालं — दिवसभर धावते, आणि संध्याकाळी आपण देवासमोर येऊन सांगतो, "देवा, फार दमलो रे, पदरात घे." तो घेतो, त्याचा स्वभावच आहे. पण विचारत असेल मनात — बाळ, पावलं किती झाली?

धडधडीला सेवा समजू नका. कीर्तन ऐकून डोळे भरले, अंगावर काटा आला, छान झालं. पण काटा अंगावर आपोआप येतो. हात आपला आपणच हलवावा लागतो, आणि हलवला तर फळ एवढंसं दिसतं. बत्तीस. तरी हलवावा. गौर तेवढ्यावर हसते.

आता आरती होईल. आरतीनंतर सभामंडप झाडायचा आहे. अक्षता पडल्यात, फुलं पडलीत, शेंगदाण्यांची टरफलं पडलीत — ती कोणाची, ते मी विचारत नाही. खांबामागे चार झाडू ठेवलेत. मी हे म्हणाले मात्र, आणि कोणाकोणाच्या छातीत धस्स झालं, ते मला इथून दिसलं.

ते मोजू नका. झाडू घ्या.